शटरची उजवी बाजू

चौसाळ्याचे हबीब उस्ताद, कागदोपत्री शेख हबीब शेख दाऊद, यांची आणि माझी पहिली भेट झाली ती वादातून. मी तेव्हा नुकताच बी.कॉम. होऊन केजला मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात साठ्याची वही सांभाळत होतो. वय तेवीस, आणि वहीवर अपार श्रद्धा. एका दुपारी चाळिशी ओलांडलेले, हाताला ग्रीस लागलेले एक गृहस्थ काउंटरशी आले. त्यांनी एक बेअरिंग माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, "हे परत घ्या. खोक्यावर एक नंबर हाय, आत दुसरंच निघालं."

मी वही उघडली, नोंद शोधली आणि वही त्यांच्याकडे फिरवून सांगितले की खोके फोडलेले आहे, आणि नोंद बिनचूक आहे.

"वही बरोबरच हाय की," ते शांतपणे म्हणाले. "बेअरिंग चुकलंय. आता गाडीला वही बसवू का?"

दुकानातले चारही लोक हसले. मला राग आला आणि तो राग संध्याकाळपर्यंत टिकला. दुकान बंद करण्यापूर्वी मी फळीवरची त्या जातीची सगळी खोकी उघडून पाहिली. निम्म्याहून अधिक खोक्यांत चुकीचाच माल होता. दुसऱ्या दिवशी योग्य बेअरिंग घेऊन मी जीप बदलत बदलत चौसाळ्याला गेलो. उस्ताद एका टेम्पोखाली उताणे झोपून काम करीत होते. माझे बूट पाहूनच त्यांनी ओळखले असावे. खालूनच आवाज आला, "कोण, बीकॉम का? चहा सांगा बे कुणीतरी, वही चालत आलीय."

त्या दिवसापासून आजतागायत, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ, मी त्यांच्यासाठी 'बीकॉम' आहे. माझे नाव त्यांना ठाऊक आहे. ते त्यांनी कधी वापरलेले नाही.

या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने आम्हा लेखकांना पाठवलेल्या पत्रात एक सूचना आहे: प्रसंग सुखद असावेत, कटुता टाळावी. मंडळाचा हेतू मी समजू शकतो. तरीही ही सूचना मला पाळता येणार नाही. ज्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघत आहे, त्यांच्या कामाची पद्धतच अशी आहे की नुसता सुखद भाग लिहिणे हा त्यांचा अवमान ठरेल. ती पद्धत जुन्या चालकांना तोंडपाठ आहे. नव्यांना ती दिसलेली नाही. का दिसलेली नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

उस्तादांच्या गॅरेजला दोन फाळक्यांचे, पत्र्याचे रुंद दार आहे. त्याला सगळे शटरच म्हणतात. या शटरवर उस्ताद खडूने लिहीत. चौथीपर्यंतच्या शाळेतले ठसठशीत अक्षर. डाव्या फाळक्यावर वर 'आलं' आणि उजव्या फाळक्यावर 'गेलं'. गाडीत काही बदल करून मागणारा माणूस आला, की पान्याला हात लावण्याआधी त्या बदलाने काय मिळेल ते डावीकडे आणि काय गमवावे लागेल ते उजवीकडे लिहिले जाई. मग गिऱ्हाइकाने उजवी बाजू स्वतः मोठ्याने वाचायची. वाचता येत नसेल तर उस्ताद वाचून दाखवीत आणि गिऱ्हाईक मागून म्हणे. शेवटी उस्ताद विचारत, "कबूल?" समोरच्याने "कबूल" म्हटल्यावरच काम सुरू होई.

एकदा वीट वाहणारे एक मालक मागचे पाटे वाढवून घ्यायला आले. पाटे म्हणजे चाकावरचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या. डावीकडे एकच ओळ पडली: जास्त वजन बसेल. उजवीकडे चार: रिकामी गाडी उडेल, कंबर दुखेल, ब्रेक तेवढाच राहील, चेसिसला तडा जाईल. मालक वैतागले.

"उस्ताद, दुसरे मिस्त्री गुमान काम करतेत. तुमी कावून शाळा घेता?"

"मालक, गाडीत एक किलो घातला तर दुसरीकडं कुठंतरी एक किलो जातुय. कुठला जातुय ते तुमाला घाटात कळण्यापरीस हितं कळू द्या की. हितं सावली बी हाय."

मालकांनी वाचले, डोके खाजवले आणि पाटे न वाढवता परत गेले. उस्तादांचे त्या दिवशीचे काम गेले. अशी किती कामे या शटरने घालवली हे सांगणे अवघड आहे. मात्र त्यामुळे एक गोष्ट झाली. गेवराईपासून केजपर्यंत एखाद्या गाडीबद्दल "उस्तादांनी बघितलीय" एवढे म्हटले, की पुढचा प्रश्न कुणी विचारीत नसे. वाणिज्य शाखेत मलाही दोन बाजू शिकवल्या होत्या. दुसरी बाजू मोठ्याने वाचायची असते, हे मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते.

आता मी मुख्य विषयाकडे येतो.

काही वर्षांपूर्वी मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीने प्लग-इन हायब्रिड पिकअपच्या दोन गाड्या चाचणीसाठी आपल्या जिल्ह्यात पाठवल्या. कंपनीचे नाव मी लिहीत नाही. माझा मुद्दा त्या नावाचा नाही. ज्यांना ही गाडी परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या पिकअपमध्ये इंजिनही असते आणि विजेची मोटारही. बॅटरी घरच्या पिनेवर लावून भरता येते. जवळच्या फेऱ्या विजेवर होतात, लांब जायचे असेल तर इंजिन आहेच. ऊन, धूळ, घाट आणि जिवंत जनावरांची वाहतूक या चारही गोष्टी एकाच टापूत मिळतात म्हणून कंपनीने बीड निवडले. गाड्या उस्तादांच्या ताब्यात दिल्या. नोंदी ठेवण्यासाठी आणि अहवाल लिहिण्यासाठी कंपनीला एक काटेकोर माणूस हवा होता. उस्तादांनी माझे नाव सुचवले. ही शिफारस त्यांची होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

उस्ताद नव्या गोष्टींचे वैरी आहेत, असा एक समज नंतर पसरवला गेला. तो साफ खोटा आहे. पहिल्याच दिवशी भरल्या हौद्यानिशी गाडी जागेवरून आवाज न करता उचलली, तेव्हा ते लहान मुलासारखे हसले होते. खाली उतरून त्यांनी शटरवर डावीकडे पहिली ओळ लिहिली: 'इंजिन गुरगुरत न्हाई, शेळी बिचकत न्हाई.' त्याखाली गावातल्या फेऱ्यांना डिझेल लागत नाही, चढाला जोर लगेच मिळतो, ब्रेक दाबला की थोडी वीज परत येते, अशा ओळी होत गेल्या. डावा फाळका एवढा भरलेला मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

अडचण बॅटरी कुठे ठेवायची आणि केवढी ठेवायची, ही होती. त्यासाठी तीन जागा होत्या आणि उस्तादांनी तिन्हींचा पडताळा घेतला. केबिनच्या मागे उभी ठेवली तर ती धुळीपासून दूर राहते, पण हौदा हातभर आखूड होतो. चेसिसच्या मधोमध ठेवली तर वजन पुढच्या-मागच्या चाकांवर सारखे पडते, पण तिथे शाफ्ट आणि डिझेलची टाकी आधीच बसलेली असल्यामुळे बॅटरी लहान करावी लागते. तिसरी जागा म्हणजे हौद्याखाली, अगदी मागे. तिथे मोठी बॅटरी मावते, पण तिथेच स्टेपनी टांगलेली असते. मोठी बॅटरी हवी तर स्टेपनी काढा. शिवाय सगळे वजन मागच्या चाकांच्याही मागे गेल्याने पुढची चाके हलकी पडतात, आणि मागची चाके उडवतील तेवढी माती थेट बॅटरीला वारा देणाऱ्या जाळीवर बसते.

कंपनीचे जे अधिकारी चाचणीवर देखरेख करीत होते, त्यांचा ओढा मोठ्या बॅटरीकडे होता. जाहिरातीत नुसत्या विजेवर किती अंतर जाते तो आकडा मोठा दिसावा, ही त्यांची निकड होती. माणूस अभ्यासू होता, सौजन्यशील होता. मला त्यांच्याविषयी इतकेच म्हणायचे आहे.

"उस्ताद, मोठ्या बॅटरीत तलवाड्याहून बीडला जाऊन परत यायचं, डिझेलचा थेंब न जाळता," ते एके दिवशी म्हणाले.

"लई चांगलं हाय, साहेब. पर शेळ्या कुठं बसवायच्या? बॅटरीच्या मांडीवर?"

"वजन थोडं कमी बसेल, मान्य."

"अन् स्टेपनी?"

"हल्ली परदेशात स्टेपनी देतच नाहीत. फेसाचा डबा देतो आम्ही. पंक्चर झालं की व्हॉल्व्हमधून सोडायचा, पाच मिनिटांत गाडी तयार."

उस्तादांनी जवळच पडलेला एक टायर उभा केला आणि त्याच्या बाजूवर, जिथे रबर पातळ असते तिथे, बोट आडवे फिरवले. "खिळा लागला तर तुमचा फेस चालंल. हितं धोंड्यानं कापलं तर फेस भाइर. आमच्या रस्त्यांना खिळे कमी अन् धोंडे जास्त हायेत, साहेब."

अधिकारी हसले. मीही हसलो.

दुसरा प्रश्न घाटाचा होता. मोटारीची मदत आहे म्हणून कंपनीने इंजिन लहान बसवले होते. बॅटरी भरलेली असताना मांजरसुंब्याचा घाट गाडी सहज चढे. उस्तादांनी मुद्दाम बॅटरी रिकामी करून, हौद्यात सिमेंटची पोती भरून गाडी घाटात घातली. मी शेजारी वही घेऊन बसलो होतो. अर्ध्या चढावर गाडीचा दम सुटला, मागून ट्रकचे भोंगे सुरू झाले. उस्ताद माझ्याकडे न पाहता म्हणाले, "लिही, बीकॉम. सपाटीला सगळी बॅटरी खाल्ली तर घाटाला उपास पडतुय. घाटापुरती राखून ठेवायला एक बटण पायजे." ते बटण आज त्या गाडीत आहे. कंपनीने त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव दिले आहे. त्यात उस्ताद कुठेही नाहीत.

चाचणी संपली तेव्हा दोन्ही फाळके वरपासून खालपर्यंत भरले होते. उस्तादांचे अंतिम मत स्पष्ट होते: बॅटरी लहान करा, मधोमध ठेवा, स्टेपनीला हात लावू नका, घाटापुरती वीज राखा. कंपनीला मोठी बॅटरीच करायची असेल तर तीही करा, पण उजवी बाजू गिऱ्हाइकाला वाचून दाखवा. माझ्या कच्च्या अहवालात ही दोन्ही बाजूंची कोष्टके शब्दशः होती.

पुढचा मजकूर मी गेल्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलेला नव्हता.

कंपनीने मोठी बॅटरी मागे ठेवायचे ठरवले. तो त्यांचा अधिकार होता. पहिल्या काही गाड्या जिल्ह्यातच विकायच्या म्हणून एक रंगीत पुस्तिका निघाली आणि तिचा मराठी मजकूर माझ्याकडे आला. अधिकारी म्हणाले, "तोट्यांची यादी आतल्या अहवालात राहू द्या. पुस्तिकेत जागा कमी आहे. तुम्ही वाणिज्यचे आहात, तुम्हाला काय सांगायचं?" मी विरोध केला नाही. जागा खरोखरच कमी आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. मुखपृष्ठासाठी एक फोटो निवडला होता. शटर बंद, दोन्ही बाजू खडूने भरलेल्या, आणि मधोमध उस्ताद हात मागे बांधून उभे. चौकटीत तो रुंद पडत होता. मी पट्टी घेतली आणि उस्तादांच्या उजव्या हाताला... नेमके सांगायचे तर पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला, त्यांच्या खांद्याला लागून, पेन्सिलीने सरळ उभी रेघ मारली. रेघेपलीकडचा भाग कापला गेला. उरले ते उस्ताद आणि 'आलं'. खाली मीच ओळ लिहिली: 'चौसाळ्याच्या हबीब उस्तादांनी पारखलेली गाडी.'

रेघ अगदी सरळ होती. माझ्या रेघा सरळच असतात.

तलवाड्याचे बाबूराव देवकते हे शेळ्यामेंढ्या पाळणारे गृहस्थ. त्यांनी ती पुस्तिका पाहिली आणि गाडी घेतली. उन्हाळ्यात एका बाजाराच्या दिवशी ते शेळ्या भरून केजला निघाले. घाट ते उस्तादांच्या बटणावर चढले, सहज चढले. मांजरसुंबा ओलांडून केजच्या रस्त्याला लागल्यावर एका धोंड्याने मागच्या टायरची बाजू चिरली. देवकत्यांनी फेसाचा डबा काढला. फेस चिरेतून बाहेर आला. डब्यावर पाच मिनिटे लिहिलेली होती, म्हणून त्यांनी थांबून पाहिले, पुन्हा फेस सोडला, पुन्हा थांबले. गाडी उभी राहिल्याने हौद्यातून वारा जाईना. आसपास झाड नव्हते. जनावरे उतरवावीत हे त्यांच्या लक्षात आले तोवर मधल्या शेळ्या खाली बसल्या होत्या आणि बाकीच्या त्यांच्यावर पडल्या होत्या. स्टेपनी असती तर चाक बदलून ते अर्ध्या तासात रस्त्याला लागले असते. त्यांच्या सात शेळ्या गेल्या. त्यांतल्या तीन गाभण होत्या.

तीन दिवसांनी ते चौसाळ्याला आले. योगायोगाने मी तिथेच होतो. त्यांनी आरडाओरड केली नाही. खिशातून चौपदरी घडी केलेली पुस्तिका काढून उस्तादांच्या पुढ्यात बाकावर ठेवली.

"उस्ताद, ह्यो फोटू तुमचाच हाय न्हवं?"

"माझाच."

"मंग ह्यात इष्टेपनी न्हाई, आसं कावून न्हाई लिवलं? आमी तर तुमच्या तोंडाकडं बघून घेतली. कंपनीला कोण वळखतंय?"

उस्तादांनी पुस्तिका डोळ्यांजवळ धरली. ती त्यांनी त्या दिवशी प्रथमच पाहिली असावी. त्यांचा अंगठा फोटोच्या कापलेल्या कडेवरून वरपासून खालपर्यंत सावकाश गेला. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्यांना कळले होते. त्या क्षणी त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर त्यांचे नाव निष्कलंक राहिले असते. शटर मागेच होते, उजव्या बाजूला 'स्टेपनी जाईल' ही ओळ अजून पुसट दिसत होती. त्यांनी तिकडे बोटही केले नाही.

"चुकलं माझं, देवकते," ते म्हणाले. "फोटो काढून घेताना कुठवर येतोय ते मी बघाया पायजे व्हतं."

"तुमच्यावाणी माणूस आसं बोलला तर आमी कुणाकडं जावं, उस्ताद?"

देवकते पुस्तिका तिथेच ठेवून गेले.

मीही काही बोललो नाही.

पुढच्या महिन्याभरात ही हकीकत थांब्याथांब्यावर पोचली. उस्ताद कंपनीला विकले गेले, असे लोक बोलू लागले. हॉटेलवर बसलेले चालक त्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारीत, "काय बे, आता खडू कंपनीकडून येतुया का?" ज्यांची गाडी त्यांनी दहा वेळा घाटातून ओढून आणली होती, अशांनीही हे विचारले. त्यांतले काही जण या गौरव समितीत आहेत. आणि तेव्हाचे ते अधिकारी, जे आता कंपनीत बरेच वर गेले आहेत, या पंच्याहत्तरीच्या सोहळ्याचे प्रमुख पाहुणे आहेत असे निमंत्रणपत्रिकेवरून कळते. उस्तादांना शाल ते घालतील.

उस्तादांनी एका सकाळी ओल्या फडक्याने दोन्ही फाळके पुसले. त्यानंतर शटरवर खडू लागला नाही. नव्या चालकांना ही पद्धत का दिसलेली नाही, त्याचे कारण हे.

काम त्यांनी सोडले नाही. त्या जातीच्या सगळ्या पिकअप त्यांनी एकेक करून बोलावून घेतल्या, आणि केबिनच्या मागे उभी स्टेपनी बसेल अशी लोखंडी चौकट स्वतःच्या हाताने करून दिली. पहिली चौकट देवकत्यांच्या गाडीला. त्या वेळी शटर कोरे होते, तरी उस्तादांनी सवयीने तोंडी विचारलेच, "हौदा चाकाएवढा आखूड हुईल. दोन शेळ्या कमी बसतील. कबूल?" देवकत्यांनी हौदा वितीने मोजून पाहिला. मग म्हणाले, "कबूल." देवकते त्यांच्याशी बोलले ते एवढेच. तरी बोलले.

व्यक्तिगत स्नेहाविषयी लिहावे अशी या प्रकारच्या लेखात अपेक्षा असते. मी एकच गोष्ट लिहितो. दर ईदला उस्तादांच्या घरून माझ्याकडे केजला शीरखुर्म्याचा डबा येतो. देवकत्यांच्या शेळ्या गेल्या त्यानंतरच्या ईदला तो येणार नाही, याची मला खात्री होती. खरे सांगायचे तर तो येऊ नये अशी माझी इच्छा होती. म्हणजे हिशेब पुरा झाला असता. डबा आला, नेहमीच्याच वेळी, नेहमीच्याच जीपने. सोबत निरोप नव्हता. मी डबा धुतला आणि परत पाठवला. त्यानंतरच्या प्रत्येक ईदला असेच घडले आहे. उस्तादांनी मला कधी दोष दिला नाही, आणि माफही केले नाही. त्यांनी माझ्या बोलण्याची वाट पाहिली. मी त्यांना फार वाट पाहायला लावली.

गेल्या महिन्यात या लेखाचा कच्चा मसुदा घेऊन मी चौसाळ्याला गेलो. उस्तादांचे गुडघे आता त्यांना गाडीखाली जाऊ देत नाहीत. ते बाकावर बसून इतरांना सांगतात. मी म्हणालो, छापण्याआधी वाचून दाखवायचे आहे. ते म्हणाले, "वाच. मोठ्यानं वाच. पद्धत ठाऊक हाय तुला."

मी वाचले. पेन्सिलीच्या रेघेपाशी मी थांबलो. तेव्हा त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. सगळे संपल्यावर म्हणाले, "लई लांबलंय, बीकॉम."

"कुठे कापू?"

"कापू नगंस." ते हसले नाहीत. "ह्यानं काय येईल?"

"तुमचं नाव परत येईल, उस्ताद."

"देवकत्याच्या शेळ्या येतील?"

"नाही."

"मग ते बी लिही. अन् तुझं काय जाईल?"

मी म्हणालो, जे जायला हवे होते ते. काटेकोर माणूस म्हणून इतकी वर्षे मिरवलेले नाव.

त्यांनी शटरकडे पाहिले. "ते तर तवाच गेलं व्हतं," ते म्हणाले. "तू लिवलं न्हवतंस, येवढंच."

या लेखासमोरच्या पानावर तोच फोटो छापला आहे. मूळ प्रत मी जपून ठेवली होती. संपादक मंडळाला मी ती एकाच अटीवर दिली आहे, की तिची कोणतीही कडा कापू नये. पानात मावत नसेल तर पान आडवे करावे. वाचकांनी उजवा फाळका वाचावा. त्यावर लिहिले आहे: 'वजन कमी बसेल. पुढची चाकं हलकी. जाळीत माती. रिकामी बॅटरी, घाट चढणार न्हाई. स्टेपनी जाईल.' हे सर्व हबीब उस्तादांनी गाडी विकली जाण्याआधी लिहिले होते. ते त्यांनी लपवले नाही. ते मी लपवले. देवकत्यांच्या सात शेळ्या परत येणार नाहीत, हेही त्याच बाजूला लिहावे.

प्रमुख पाहुण्यांना माझी एक नम्र विनंती आहे. शाल घालण्यापूर्वी त्यांनी ही उजवी बाजू सभागृहात मोठ्याने वाचावी. वाचायला अडचण वाटली तर उस्ताद वाचून दाखवतील. पाहुण्यांनी मागून म्हणावे. समितीतल्या ज्यांनी खडूबद्दल विचारले होते, त्यांनीही म्हणावे.

उस्तादांची पंच्याहत्तर वर्षे डाव्या फाळक्यावर लिहिली गेली आहेत. उजवीकडे त्यांचे गुडघे गेले, डोळ्यांचा नेम थोडा गेला, आणि लोकांचा विश्वास काही वर्षांसाठी गेला. त्यांतला शेवटचा आम्ही घेतला होता, तो आम्हीच परत ठेवायचा आहे. पुढच्या पंचवीस वर्षांत त्यांच्या उजव्या बाजूला काही वाढू नये. त्यांचा श्वास लांब चालो, हात स्थिर राहो, आणि त्यांच्या घरचा डबा केजला येत राहो. या वेळी मी तो रिकामा परत पाठवणार नाही. आणि एका सकाळी त्यांनी उठून त्या कोऱ्या शटरवर पुन्हा खडू टेकवावा. समोर जो कुणी उभा असेल त्याला वाचायला लावावे. त्या दिवशी पहिला मी उभा असेन.

हा लेख मी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचला आहे. मी निघालो तेव्हा त्यांनी दारातून नेहमीचा प्रश्न विचारला. मी वळून उत्तर दिले, तेच इथे सर्वांसमोर देतो.

कबूल.